बीडचे दुसरे मत : जिल्ह्यातील सहा आमदारांना खुले पत्र

प्रति,
विजयसिंह पंडित (गेवराई), प्रकाश सोळंके (माजलगाव), संदीप क्षीरसागर (बीड), सुरेश धस (आष्टी), नमिता मुंदडा (केज) आणि धनंजय मुंडे (परळी),
सदस्य, महाराष्ट्र विधानसभा.



लोकसभेच्या मताची किंमत बीडच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ४ जून २०२४ रोजी मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली आणि बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांच्यावर ६,५५३ मतांनी विजय मिळवला. याच मतदारसंघाने दहा वर्षांपूर्वी, गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत, प्रीतम मुंडे यांना ६ लाख ९६ हजारांहून अधिक मताधिक्य देऊन दिल्लीला पाठवले होते. देशात तोवर इतके मताधिक्य कोणाला मिळाले नव्हते. कधी सात लाखांच्या घरात, कधी साडेसहा हजारांत, पण निकाल ठरवतो तो मतदारच, हे बीडने पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

संसदेत सभागृहे मात्र दोन आहेत. दुसऱ्या सभागृहातले बीडचे मत आपल्या सहा जणांच्या हातात असते. हे पत्र त्या मताबद्दल आहे.

गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी या सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून बीड लोकसभा मतदारसंघ होतो. म्हणजे एकच मतदार एकदा थेट खासदार निवडतो, आणि आमदार निवडतो तेव्हा राज्यसभेचा मतदारही निवडत असतो. विधानसभेच्या प्रचारात रस्ता, पाणी, पीकविमा, आरक्षण, सगळे निघते. ‘हा माणूस मुंबईत जाऊन राज्यसभेसाठी कोणाला मत देणार?’ हा प्रश्न गावच्या पारावर निघाल्याचे ऐकिवात नाही. दोष मतदाराचा मानला, तरी त्याला हे सांगण्याची पहिली जबाबदारी ज्यांच्या हाती ते मत आहे त्यांच्यावरच येते.

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी महाराष्ट्राला ४८ आहेत आणि त्यातली एक बीडची. राज्यसभेत सध्या २४५ जागा आहेत. २३३ सदस्य राज्ये आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून निवडून येतात, १२ राष्ट्रपती नामनियुक्त करतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९. या १९ जागांवर बीड, लातूर, पालघर अशी जिल्ह्यांची नावे नाहीत. प्रत्येक सदस्य साऱ्या राज्याचा. लोकसभा पाच वर्षांनी, कधी त्याआधीही, विसर्जित होते. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आपल्या पाच वर्षांच्या आमदारकीत त्यामुळे दोन नियमित निवडणुका येतात, २०२६ ची आणि २०२८ ची. पोटनिवडणुका वेगळ्या.

हे मतदान होते कसे, हे मतदाराने जवळून पाहण्यासारखे आहे, पण त्याला ते दिसत नाही. मुंबईत विधानभवनात आमदार आत जातो, निवडणूक आयोगाने दिलेला जांभळ्या शाईचा पेन हातात घेतो आणि उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहितो : १, २, ३. पहिल्या पसंतीचा आकडा नसेल तर मत बाद. पेटीत टाकण्याआधी ती मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, आणि त्याच्याखेरीज कोणाला दाखवली तरीही मत बाद. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचे मत मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून असेच अवैध ठरले. आक्षेपांवर दिल्लीतून आदेश येईपर्यंत मोजणी खोळंबली आणि निकाल पहाटे लागला. वैध मते उरली २८४. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. सहा जागा असतील तर एकूण मूल्याला सातने भागून त्यात एक मिळवायचा. विजयासाठी ४१ मते लागली. शिवसेनेचे संजय पवार पडले, भाजपचे धनंजय महाडिक आले.

बीडची सहा मते त्या हिशोबात छोटी नव्हती. एका जागेचा सातवा हिस्सा एका जिल्ह्याच्या हातात होता, आणि अशा चुरशीत एकेक मत मोलाचे ठरते.

याहून मोठी गोष्ट मराठवाड्याच्या आकड्यात आहे. मराठवाड्यात विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत. सर्व २८८ आमदारांनी मतदान केले आणि सहा जागा भरायच्या असल्या, तर एका जागेला पहिल्या पसंतीची ४२ मते पुरतात. सात जागा असल्या तर ३७. अर्थात मराठवाड्याचे आमदार एका नावावर एकत्र आले, तर या विभागाचा एक माणूस ते स्वबळावर राज्यसभेत पाठवू शकतात. पक्षांच्या भिंती ओलांडून असे होईल का, हा पुढचा प्रश्न. पण ही ताकद हातात आहे हे आपल्या तोंडून मतदाराने कधी ऐकलेले नाही.

‘पक्ष सांगेल तसे करावे लागते,’ असे उत्तर येईल. ते तपासून पाहिले पाहिजे. राज्यसभेच्या मतदानाला पक्षांतरबंदी कायद्यातली अपात्रता लागू होत नाही. कुलदीप नय्यर खटल्याच्या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००३ ची खुली मतदान पद्धत वैध ठरवली, आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून आमदारकी जात नाही हेही त्या निकालात आहे. पक्ष कारवाई करील, पुढचे तिकीट कापील, हे खरे. पण ज्या लोकांनी आमदारकी दिली त्यांच्यासमोर ‘माझा नाइलाज होता’ असे म्हणण्याइतका हा मामला बांधलेला नाही. निदान उमेदवार ठरण्याआधी पक्षाच्या बैठकीत चार गोष्टी बोलता येतात. त्या बोलल्या गेल्या का, एवढे तरी लोकांना कळावे.

खुली पद्धत का आली, त्याचा एक धागा महाराष्ट्रातही सापडतो. १९९८ साली मतदान गुप्त होते. काँग्रेसचे राम प्रधान स्वपक्षाची मते फुटल्याने पडले. पैशाच्या बळावर मते फिरतात हा संशय देशभर दाटला आणि पाच वर्षांनी मतपत्रिका दाखवणे सक्तीचे झाले. संशय कमी झाला असेलही. पण मत जे उघडे झाले ते पक्षाच्या प्रतिनिधीपुढे. बीडच्या मतदारापुढे ते आजही बंदच आहे.

आणि बहुतेक वेळा तर मतदानच होत नाही. १९९८ नंतर थेट २०२२ पर्यंत महाराष्ट्रातल्या नियमित निवडणुका बिनविरोध पार पडत गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्येही सहाच्या सहा जागा बिनविरोध गेल्या. जेवढ्या जागा तेवढेच अर्ज उरले की विधानभवनातली पेटी उघडतच नाही, आणि राज्याचा प्रतिनिधी कोण याचा निर्णय पक्षांच्या दालनात होऊन जातो.

रजनी पाटील यांची वाटचाल या बाबतीत फार बोलकी आहे, कारण बीडने त्यांना दोन्ही सभागृहांत पाहिले. १९९६ मध्ये त्या भाजपच्या उमेदवार होत्या. प्रचार करून, लाखो लोकांपुढे मते मागून त्या लोकसभेवर गेल्या. पुढे त्या काँग्रेसमध्ये आल्या. विलासराव देशमुख यांच्या निधनाने रिकामी झालेली राज्यसभेची जागा जानेवारी २०१३ मध्ये त्यांना मिळाली, आणि राजीव सातव यांच्या निधनानंतरची २०२१ मध्ये. दोन्ही वेळा बिनविरोध. व्यक्ती तीच, जिल्हा तोच. पण पहिल्या वेळी बीडच्या मतदाराला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता आले, नंतरच्या दोन वेळा त्याला ती बातमी वर्तमानपत्रातून कळली. यात रजनीताईंचा दोष काढायचा नाही. व्यवस्थेने जनतेसाठी ठेवलेली जागा किती अरुंद आहे, ते यातून दिसते.

राज्यसभेचा उमेदवार महाराष्ट्राचा मतदार असावा ही अट २००३ मध्ये गेली. देशातला कोणताही मतदार आता कोणत्याही राज्यातून उभा राहू शकतो. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रतापगढचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून निवडून आले. बाहेरचा माणूस म्हणून नाक मुरडण्याचा बीडचा स्वभाव नाही. १९६७ मध्ये या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले. ते येडेमच्छिंद्रचे, कम्युनिस्ट पक्षाचे, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे सेनानी. दहा वर्षांनी मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. नाना पाटील परक्या मुलखातले होते, पण लोकांपुढे उभे राहून त्यांनी मत मागितले आणि लोकांनी त्यांना निवडले. राज्यसभेच्या उमेदवाराकडूनही एवढीच अपेक्षा आहे. तो कुठलाही असो, त्याने यावे आणि बीडसाठी काय बोलणार ते सांगावे.

या दुसऱ्या सभागृहाची एवढी फिकीर का करायची, असे काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी एक प्रसंग पुरेसा आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी अंबाजोगाईत वाढलेला माणूस होता. मार्च २००२ मध्ये दहशतवादविरोधी ‘पोटा’ विधेयक लोकसभेने मंजूर केले आणि राज्यसभेने ९८ विरुद्ध ११३ मतांनी फेटाळले. वाजपेयी सरकारला राज्यसभेत बहुमत नव्हते. संसदीय कामकाज मंत्री होते प्रमोद महाजन, स्वतः राज्यसभेचे सदस्य. संविधानाच्या अनुच्छेद १०८ खाली दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक २६ मार्चला बोलावली गेली. अशा बैठका प्रजासत्ताकाच्या इतिहासात आजवर तीनच झाल्या : १९६१ मध्ये हुंडाबंदी विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोगाच्या प्रश्नावर, आणि ही तिसरी. ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पोटा मंजूर झाला. संयुक्त बैठकीत लोकसभेची संख्या भारी पडते, हे उघड आहे. पण मधल्या पाच दिवसांत सबंध देशाला या कायद्यावर पुन्हा विचार करावा लागला, तो राज्यसभेने अडवले म्हणूनच.

पैशाच्या बाबतीत मात्र राज्यसभेचे हात बांधलेले आहेत. धन विधेयक राज्यसभेला १४ दिवसांत परत करावे लागते. ती शिफारशी करते, लोकसभा त्या स्वीकारते किंवा बाजूला ठेवते. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान तर लोकसभेतच होते. नगर–बीड–परळी रेल्वेचे उदाहरण घ्या. २६१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या दशकात मंजूर झालेला, साडेतीनशे कोटींच्या आसपास अंदाज. अंदाज कित्येक हजार कोटींवर गेला, निम्मा वाटा राज्याने उचलला, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड स्थानकातून अहिल्यानगरची गाडी सुटली. एवढ्या वर्षांत केंद्राकडून आलेला प्रत्येक रुपया लोकसभेच्या मतदानातून आला. राज्यसभेच्या सदस्याला रेल्वेसाठी मत देता येत नाही, पण मंत्र्याला उभे करून उत्तर मागता येते. तिथे शून्य प्रहर सकाळी ११ वाजता सुरू होतो आणि प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ वाजता, लोकसभेच्या बरोबर उलट. मतदारसंघाच्या रोजच्या धावपळीतून मोकळ्या असलेल्या सदस्याला तिथे सहा वर्षे एकच प्रश्न लावून धरता येतो. बीडला असा माणूस हवा आहे.

कारण ऊसतोडीचा प्रश्न. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातली गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कोयत्यावरची जोडपी लेकरांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकात जातात. राज्याची सीमा ओलांडली की तो प्रश्न एकट्या मुंबईच्या आवाक्यात राहत नाही, तो दिल्लीचा होतो. अशा मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो नव्या श्रमसंहितेत विलीन करणारे विधेयक संसदेत आले. ते राज्यसभेत मंजूर होण्याच्या तीनच दिवस आधी कृषी विधेयकांवरून तिथे गदारोळ झाला होता, आठ सदस्य निलंबित झाले होते, विरोधकांनी बहिष्कार घातला होता. २३ सप्टेंबरला राज्यसभेने विरोधी बाके रिकामी असताना ती संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. बीडच्या घराघरांशी संबंध असलेला कायदा, आणि मुकादम, उचल, फडावरची बाई यांच्याबद्दल त्या दिवशी विरोधी बाकांवरून काही बोलले जाणे शक्यच नव्हते. सत्तेतल्यांनी घाई केली आणि बाहेर राहिलेल्यांनी जागा सोडली. यात बीडचे नुकसान दोघांनी मिळून केले, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरे सभागृह मनावर घेते तेव्हा काय होते, याचाही दाखला याच जिल्ह्याने दिला आहे, तो विधान परिषदेतला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांनी ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय तिथे मांडला. चौकशी झाली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. दबक्या आवाजात सांगितली जाणारी गोष्ट त्या आकड्याने सरकारी कागदावर आली. हाच प्रश्न राज्यसभेत वर्षानुवर्षे कोणी धरून बसला असता, तर त्या श्रमसंहितेत फडावरच्या बाईसाठी काही वेगळे कलम मागता आले असते.

बायकांच्या प्रतिनिधित्वाची गोष्टही बीडच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलांमागे मुलींचे प्रमाण हजारी ८०७, राज्यात सर्वांत कमी, ते याच जिल्ह्यात. आणि याच जिल्ह्याने केशरकाकू क्षीरसागर यांना तीनदा, रजनी पाटील यांना एकदा, प्रीतम मुंडे यांना दोनदा लोकसभेत पाठवले. महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० रोजी मंजूर केले होते. लोकसभेत ते पडून राहिले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्दबातल झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. त्यात लोकसभा आणि विधानसभा आहेत, राज्यसभा नाही. तिथे बायका किती जाणार, हे पक्षांनी दिलेल्या नावांवर आणि आपल्यासारख्या आमदारांच्या मतांवरच अवलंबून राहणार आहे.

राष्ट्रपतींच्या नामनियुक्तीतूनही जिल्ह्याशी नाते असलेला माणूस कधी तिथे पोचतो. जुलै २०२५ मध्ये उज्ज्वल निकम राज्यसभेवर नेमले गेले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खून खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक त्याआधीच झाली होती. पण नामनियुक्त सदस्य साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारीसाठी असतो. त्याच्याकडून जिल्ह्याने प्रतिनिधित्वाची अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

अमेरिकेत सिनेटचे सदस्य १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळे निवडत असत. लाचखोरीच्या तक्रारी आणि रखडलेल्या निवडी यांना लोक कंटाळले आणि घटनादुरुस्ती करून थेट निवडणूक आणली. आपल्या संविधानकारांनी तो अनुभव माहीत असूनही आमदारांवर विश्वास टाकला. १९५२ मध्ये बीडच्या आमदारांनी हैदराबादच्या विधानसभेत बसून पहिल्या राज्यसभेसाठी मत दिले. चार वर्षांनी राज्य बदलले, पुढे १९६० मध्ये पुन्हा बदलले, पण विश्वास तोच राहिला. तो मोडीत काढावा असे या पत्राचे म्हणणे नाही. त्याचा हिशोब मात्र लोकांना मिळाला पाहिजे.

म्हणून मागण्या. राज्यसभेची निवडणूक जाहीर झाली की अर्ज भरण्याच्या मुदतीआधी आपण सहा जणांनी, एकत्र किंवा आपापल्या मतदारसंघात, लोकांना बोलवावे आणि पक्षाकडे कोणाचे नाव सुचवले व का, ते सांगावे. निवडणूक बिनविरोध होणार असली तर हे अधिकच गरजेचे आहे. आपल्या पक्षाच्या उमेदवाराला एकदा बीडला आणावे. स्थलांतर, कापूस आणि सोयाबीनचे भाव, परळीपर्यंतचा उरलेला लोहमार्ग यांवर त्याने लोकांसमोर बोलावे. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी राज्यसभेच्या सदस्याला राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात खर्च करता येतात आणि कामांचा नोडल जिल्हा तो स्वतः निवडतो. १९ जणांपैकी एकाने तरी बीड निवडावे, एवढा आग्रह आपण धरू शकता. मत दिल्यानंतर पहिली पसंती कोणाला, दुसरी कोणाला, हेही गावी आल्यावर सांगायला हरकत नाही. पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवलेले मत मतदाराला सांगण्यात संकोच कसला?

मराठवाड्यातील इतर आमदारांशी बोलून, ऊसतोड मजुरांचा प्रश्न सहा वर्षे लावून धरील असा एक सामाईक उमेदवार शोधता येतो का, हेही पाहावे. आपल्या सहा जणांत तीन पक्षांचे आमदार आहेत. सुरुवात जिल्ह्यातल्याच एका बैठकीने होऊ शकते, आणि ती निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, साखर कारखान्यांचा पुढचा हंगाम सुरू होऊन मजूर गाव सोडण्याआधी व्हावी. म्हणजे ज्यांच्यासाठी बोलायचे ते ऐकायला आणि विचारायला गावात असतील. तारीख आणि जागा आपण कळवावी.

कळावे,
बीड जिल्ह्यातील एक मतदार